धबधबा बंद करणारा माणूस

धबधबा थांबला.

थांबला म्हणजे अगदी थांबला. तीन मजली इमारतीएवढ्या कड्यावरून धो धो कोसळणारं पाणी आधी दोन्ही कडांनी विरलं, मग मधली धार मनगटाएवढी झाली, मग सुतळीएवढी, आणि शेवटी काळ्या कातळावरून नुसते थेंब टपकायला लागले. इतका वेळ पाण्याच्या आवाजाखाली दबलेली पाखरं एकदम ऐकू यायला लागली. समोरच्या सपाट खडकावर जलयोगी पद्मासनात बसले होते. उजवा हात वर, तळवा धबधब्याकडे, डोळे अर्धे मिटलेले. खाली दाटीवाटीने उभे असलेले अठ्ठावीस साधक आ वासून बघत होते.

सगळ्यांत आधी भानावर आला तो त्यांच्यातला एक विमा एजंट. त्याने तिथल्या तिथे ओल्या वाळूत लोटांगण घातलं. त्याच्या पाठोपाठ एक दातांचे डॉक्टर गुडघ्यांवर आले आणि मग वाऱ्याने गवत झुकावं तशी सगळी रांगच खाली गेली.

"मी पाण्याला थांब म्हटलेलं नाही," जलयोगी म्हणाले. त्यांचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता. "मी फक्त विचारलं, इतक्या घाईने कुठे निघालंस? पाणी अंतर्मुख झालं."

"अंतर्मुख झालं," दातांचे डॉक्टर पुटपुटले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"आता ते ध्यानात बसलं आहे. उद्या सूर्योदयाच्या सुमाराला मी त्याला उठवीन. तोवर कुणी दगडबिगड टाकून त्याची समाधी मोडू नये."

या सगळ्यांत एकच माणूस उभा राहिला होता. उर्मटपणा म्हणून नव्हे. तो वर बघण्यात गुंतला होता, त्यामुळे बाकीचे कधी खाली गेले हे त्याच्या लक्षातच आलं नाही. शेजारून त्याच्या बहिणीने त्याच्या पायजम्याला हिसका दिला.

"धाकट्या, वाक की. लोक बघतायत."

"अक्का, हे पाणी कडेने आधी मेलं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही." त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मग तो वाकला.

धाकटा एकसष्ट वर्षांचा होता. अक्का त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं आणि नोकरीला लावलं, त्यामुळे टक्कल पडलं तरी त्याचं नाव धाकटाच राहिलं. ती नोकरी पाणीखात्यातली होती. तेहतीस वर्षं तो शहरात व्हॉल्व्हमन होता. पहाटे उठायचं, माणसाच्या खांद्याएवढी उंच लोखंडी चावी घ्यायची, रस्त्यातल्या झाकणाखाली ती घालायची आणि फिरवायची. एका गल्लीचं पाणी चालू, दुसरीचं बंद. दिवसातून चौदा वेळा त्याने निम्म्या शहराचं पाणी थांबवलं आणि सोडलं. त्याबद्दल त्याच्या पाया कधी कुणी पडलं नाही. गॅलऱ्यांमधून शिव्या मात्र पुष्कळ आल्या, आणि एकदा एक रिकामी बादली.

या शिबिरात त्याला आणलं होतं अक्काने. तिच्या मुलाने आईला भेट म्हणून दोन जागा घेऊन दिल्या होत्या. 'योग, निसर्ग, संस्कृती: सात दिवसांचा अंतर्बाह्य प्रवास' असं पत्रकावर छापलं होतं. पहाटे आसनं आणि प्राणायाम, मग बसने सहल. कधी जंगलातली पायवाट, कधी कुंभारांची वस्ती, कधी वस्तुसंग्रहालय. खरं सांगायचं तर आसनं चांगली होती. शिकवणारी मुलगी हुशार होती, वयाप्रमाणे बेताने वाकवायची, आणि पहिल्याच दिवशी धाकट्याची तेहतीस वर्षं रस्त्यावर वाकून आखडलेली पाठ बरीच मोकळी झाली. शवासनात तर तो असा घोरायला लागला की सगळा हॉल दणाणला. तिथून जाणारे जलयोगी थबकले आणि म्हणाले, "याला उठवू नका. हा अनाहत नाद आहे."

वस्तुसंग्रहालयातही जलयोगींनी गप्प बसणं पसंत केलं नाही. काचेमागच्या मातीच्या एका रांजणापुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "हा घडवला तेव्हा माझा उजवा खांदा दुखत होता." माहिती सांगणाऱ्या बाईंनी तो रांजण मागच्या वर्षी बनवलेली नक्कल आहे, असं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात गटातून हुंदके ऐकू आले आणि त्या बिचाऱ्या पुढच्या दालनात निघून गेल्या.

इथवर सगळं गमतीचं होतं. घरी गेल्यावर सांगायला दोन-चार किस्से, एवढंच. धबधबा थांबल्यानंतर मात्र गंमत संपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणघरात मिठाशिवाय उकडलेल्या भाज्या चिवडताना धाकट्याला कोपऱ्यातल्या टेबलावर काचेची एक मोठी बरणी दिसली. तिला कुलपाचं झाकण होतं आणि आत रंगीबेरंगी गोळ्यांची पाकिटं भरली होती. बरणीवर चिठ्ठी होती: 'भीती'.

"हे काय?" त्याने शेजारच्या विमा एजंटला विचारलं.

"काल संध्याकाळी प्रवचनात होतात ना तुम्ही? की पुन्हा नाद चालू होता?" एजंट म्हणाला. "योगीजी म्हणाले, जो कड्यावरचं पाणी थांबवतो त्याला तुमच्या नसांतलं रक्त सांभाळता येणार नाही का? गोळी म्हणजे भीती. ती इथे जमा करायची. परवा पुन्हा धबधब्यावर जायचं, योगीजी पाणी थांबवणार, आपण कोरड्या पात्रात उतरून सगळ्या गोळ्यांचं विसर्जन करायचं. मी रक्तदाबाच्या टाकल्या. डॉक्टरांनीसुद्धा टाकल्या."

"दातांच्या डॉक्टरांनी?"

"पित्ताच्या."

धाकट्याने चमचा खाली ठेवला. त्याने बरणीजवळ जाऊन आत बघितलं. अक्काचं निळ्या पट्टीचं पाकीट वरच होतं.

अक्काच्या हृदयात नऊ वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली होती. डॉक्टर तेव्हा "व्हॉल्व्ह बदलायचा आहे" म्हणाले, तर धाकट्याने सवयीने "किती इंची?" असं विचारलं होतं आणि अक्का त्या स्थितीतही हसली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी तिला रोज संध्याकाळी घ्यावी लागे. एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर झडपेवर रक्त साकळेल, असं डॉक्टरांनी तिला नव्हे तर धाकट्याला बजावलं होतं, कारण त्यांना अक्काचा स्वभाव पहिल्याच भेटीत कळला होता.

अक्का व्हरांड्यात चादरीची घडी घालत होती.

"काल संध्याकाळची गोळी घेतलीस?"

"नाही."

"अक्का, अगं ती पित्ताची गोळी नाही."

"मला माहीत आहे कसली आहे ती. नऊ वर्षं मी ती गिळतेय, तू नाही." तिने चादर झटकली. "नऊ वर्षं घड्याळाकडे बघून जगले मी. सात वाजले की गोळी. पालेभाजी खाऊ नको, पडू नको, खरचटू देऊ नको, दर महिन्याला सुई टोचून घे. कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं की घाबरू नकोस. ते खोटं कसं म्हणू? डोळ्यांनी बघितलं ना आपण. धबधबा थांबला की नाही?"

"थांबला."

"मग? तू थांबवून दाखव, मग मला शिकव."

धाकट्याने चादरीचं दुसरं टोक धरलं. ती वेडी झाली असती तर समजूत घालणं सोपं होतं. ती दमली होती, आणि ते त्याला नऊ वर्षांत कधी कळलंच नव्हतं.

त्याने व्यवस्थापकाकडे जाऊन बरणीची किल्ली मागितली. व्यवस्थापक म्हणजे जलयोगींचा उजवा हात. पांढरा सदरा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर कायम कुणाचातरी फोन येणार असल्याचा भाव. साधकांचे फोन पहिल्याच दिवशी 'मोबाइल-उपवास' म्हणून कपाटात गेले होते. त्याचा मात्र खिशात होता.

"किल्ली योगीजींच्या संकल्पात आहे," तो म्हणाला.

"संकल्प कुठे ठेवलाय?"

"आपण फार प्रश्न विचारता. उद्या मौनदिन आहे, आपल्याला लाभ होईल."

लाभ झाला तो असा. मौनदिनी कुणी कुणाला काही विचारायचं नव्हतं. त्यामुळे सकाळी आसनं झाल्यावर धाकटा फाटकातून बाहेर पडला तेव्हा "कुठे चाललात?" असं विचारायची सोय कुणाला उरली नव्हती. विमा एजंटने हातवारे करून विचारायचा प्रयत्न केला. धाकट्याने त्याला दोन हात जोडून उत्तर दिलं आणि नदीची वाट धरली.

धबधब्याच्या बाजूने वर चढायला त्याला अर्धा तास लागला. कड्याच्या वर नदी चांगली भरून वाहत होती. पण वाहत्या पाण्याकडेही व्हॉल्व्हमन वेगळ्या नजरेने बघतो. काठावरच्या खडकांवर ओल्या-सुक्याची रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी सरळ. पावसाच्या नदीला अशी रेघ नसते, ती रोज थोडी वर-खाली होते. ही रोज एकाच मापाला भरणारी आणि रिकामी होणारी नदी होती. पुढे एका खडकावर पाण्याची पातळी मोजायचे आकडे पिवळ्या रंगात रंगवलेले दिसले तेव्हा धाकट्याला हसूच आलं. परदेशात कुणीतरी अचानक आपल्या भाषेत बोलावं तसं त्याला वाटलं.

आणखी दीड किलोमीटरवर छोटं धरण होतं. भिंत, तिच्यावर पत्र्याची खोली, खोलीबाहेर दाराएवढं लोखंडी चाक. चाकाशेजारी खाकी शर्ट घातलेली तिशीतली बाई डबा खात बसली होती.

"इथे यायला बंदी आहे, काका," ती म्हणाली.

"असायलाच पाहिजे. चाक जड फिरतंय का हो? ग्रीस वाळलेलं दिसतंय."

बाईने डबा खाली ठेवला. "खात्यातले का तुम्ही?"

"निवृत्त. शहर पाणीपुरवठा. व्हॉल्व्हमन."

पुढची दहा मिनिटं चमत्कार, अक्का आणि जलयोगी हे सगळं बाजूला राहिलं. दोघांनी गेटच्या दांड्याला चढलेला गंज, वरच्या साहेबांना न कळणाऱ्या गोष्टी आणि पाणी आलं तर आठवण न काढणारी पण पाच मिनिटं उशीर झाला तर घरी येऊन धडकणारी जनता यांवर मनसोक्त बोलून घेतलं. मग धाकट्याने विचारलं.

"हे गेट किती वाजता बंद करता?"

"या कोरड्या महिन्यांत सकाळी सहाला उघडते, अकराला बंद. खालच्या गावांना तेवढं पाणी पुरतं. त्याशिवाय नदीत थेंब नसतो."

"आणि धबधब्यापर्यंत पोचायला?"

"वीस मिनिटं. का हो?"

धाकट्याने सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं, पण 'पाणी अंतर्मुख झालं' इथे तिला ठसकाच लागला.

"म्हणजे रोज अकराला मी चाक फिरवते आणि खाली हा माणूस हात वर करतो?"

"रोज नाही. शिबिरात दोनदा."

"हातांना घट्टे माझ्या पडले," ती म्हणाली आणि तिने तळवे बघितले. मग तिचा चेहरा बदलला. "थांबा. दर पंधरा दिवसांनी एक माणूस फोन करतो. गेटची वेळ बदलली नाही ना, विचारतो. आमच्या संस्थेची बस नदीवर धुवायची असते म्हणून. मी म्हटलं, किती स्वच्छ संस्था आहे."

"उद्या वेळ तीच?"

"उद्या नाही. उद्या गेटला ग्रीस भरायला माणसं येणार आहेत, ती येईपर्यंत उघडंच ठेवायचं. बाराला बंद. आजच सकाळी सूचना लावलीय, ती बघा फळ्यावर." मग तिने आवाज चढवला. "आणि त्या पात्रात कुणाला उतरू देऊ नका. खालून मागणी आली तर मला कधीही पाणी सोडावं लागतं. भोंगा देते मी, पण वारा उलटा असला की खाली ऐकू जात नाही."

धाकट्याने तिच्या फोनवरून अक्काच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आधी किती गोळ्या चुकल्या ते विचारलं. मग म्हणाले, "आज संध्याकाळी गोळी पोटात गेली पाहिजे. फार तर उद्या दुपार. आणि उद्याच रक्त तपासायला घेऊन या, कुठेही असाल तिथून." त्यांनी औषधाची चिठ्ठी त्याच फोनवर पाठवली. बाईने ती खालच्या गावातल्या औषधवाल्याला पुढे पाठवून रस्ता सांगितला आणि धाकट्याने तिथून निळ्या पट्टीचं पाकीट आणलं.

संध्याकाळी मौन सुटल्यावर त्याने अक्काला सगळं सांगितलं. चाक, वीस मिनिटं, फळा, बसवाला फोन, डॉक्टर. अक्काने ऐकलं.

"तुझ्या नोकरीत तुला कुणी मान दिला नाही, म्हणून तुला दुसऱ्याचं बघवत नाही," ती म्हणाली.

हे त्याला लागलं. पण तो उठून गेला नाही. "बरं," तो म्हणाला. "तुझा विश्वास आहे ना? मग उद्या साडेअकरापर्यंत पाणी थांबलं तर मी यापुढे गोळीचं नाव काढणार नाही. नाही थांबलं, तर तिथेच गोळी घ्यायची. प्यायचं पाणी मी नेतो."

"कबूल."

त्या संध्याकाळी तिसरी गोळी चुकली. तोंड तिचं होतं, त्याला काही करता येत नव्हतं. रात्री तो तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसला आणि तिचा श्वास ऐकत राहिला. त्या रात्री नाद मुळीच झाला नाही.

पाचव्या दिवशी सगळी मंडळी पुन्हा धबधब्यासमोर जमली. बरणी फुलांनी सजवली होती. जलयोगींनी आपल्या खडकावर बैठक मारली, अकरा वाजून पंधरा मिनिटांनी प्रवचन आवरतं घेतलं आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी हात वर केला.

पाणी कोसळत राहिलं.

"पहिला हात देहासाठी," जलयोगी म्हणाले. त्यांनी तो खाली घेतला आणि पुन्हा वर केला. "दुसरा मनासाठी."

मनावरही परिणाम दिसेना. तिसरा अहंकारासाठी झाला, चौथा पूर्वजन्मासाठी. साडेअकरा वाजले. धाकट्याने अक्काला घड्याळ दाखवलं, तिने 'अजून थोडं थांब' अशी खूण केली. साधकांनीही हात वर करावेत असा आदेश निघाला. अठ्ठावीस हात वर गेले. दहा मिनिटांनी ते थरथरायला लागले, तेव्हा जलयोगी म्हणाले की हे थरथरणं म्हणजे ऊर्जा. दातांच्या डॉक्टरांनी डाव्या हाताने उजव्या हाताला टेकू दिला आणि तिसरा हात नसल्यामुळे वहीत काही लिहिलं नाही.

"पाणी आज थोडं विचारात आहे," पावणेबाराला जलयोगींनी जाहीर केलं. व्यवस्थापक एव्हाना एका उंच दगडावर चढून फोन आकाशाकडे धरून नेटवर्क शोधत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की दोन योगी वेगवेगळ्या दिशांना साधना करतायत.

बारा वाजता जलयोगींच्या कपाळावर घाम आला आणि आवाजातला मध आटला. "आपल्यात कुणीतरी शंका घेऊन आलं आहे. पाण्याला ते बोचतंय. ज्याने शंका आणली त्याने पुढे यावं."

सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या. तो एका दगडावर बसून केळ सोलत होता.

"माझ्यामुळेच आहे ते," तो म्हणाला. "मी पाण्याला बारा वीसची वेळ दिलीय. आधी नाही थांबणार."

कुणीतरी हसलं. अक्का हसली नाही. ती भावाकडे बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती. धाकट्याने केळ संपवलं, साल पिशवीत ठेवली आणि घड्याळ डोळ्यांपुढे धरलं. बारा वीस झाले. पाणी कोसळतच होतं. बारा एकवीस. आता मात्र धाकट्याने घड्याळ कानाला लावून बघितलं. ग्रीसवाले उशिरा आले असतील तर? बारा बावीस. आणि मग कड्याच्या डाव्या टोकाचं पाणी विरळ झालं, उजव्या टोकाचं झालं, मधली धार मनगटाएवढी, सुतळीएवढी झाली आणि थेंब टपकायला लागले.

"तीन मिनिटं चुकली," धाकटा ओशाळून म्हणाला. "सवय राहिली नाही."

पुढे जे झालं त्याची त्याने कल्पना केली नव्हती. विमा एजंटने त्याच्यापुढे लोटांगण घातलं. दातांचे डॉक्टर त्याचे पाय शोधायला लागले. एका बाईने आपल्या सुनेच्या स्वभावावर काही उपाय असेल तर सांगा म्हणून त्याचा हात धरला. धाकटा "अहो, अहो" करत दगडावर चढला, तर लोकांना वाटलं की आता हा प्रवचन देणार, आणि ते खाली बसले.

जलयोगी कसलेले होते. त्यांनी क्षणात आवाजात पुन्हा मध भरला. "मी माझी शक्ती आज या भोळ्या साधकात उतरवली. मला बघायचं होतं, तुम्ही पात्राला ओळखता का."

आणि काय सांगावं, निम्म्या माना पुन्हा तिकडे वळल्या.

"शक्ती नाही हो," धाकटा कळवळून म्हणाला. "वर धरण आहे. त्याचं गेट रोज अकराला बंद होतं. इथे वीस मिनिटांनी पाणी तुटतं. आज बाराला बंद झालं. एवढंच आहे ते. यांचा माणूस फोन करून वेळ विचारून ठेवतो."

"असत्य," जलयोगी म्हणाले.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. हा खरा की तो खरा, यावर दोन तट पडायला लागले. तेवढ्यात अक्का पुढे आली.

"त्यांनी सांगितलं म्हणून त्या दिवशी मी मानलं," ती म्हणाली. "आता तू सांगतोस म्हणून मानायचं का? माझा भाऊ आहेस म्हणून? मी वर जाऊन बघणार. ज्याला पाया पडायचंय त्याने आधी माझ्याबरोबर यावं, नंतर काय ते पडावं. आणि तोवर त्या पात्रात कुणी उतरू नये."

"ताई, योगमार्गात तपासायचं नसतं," व्यवस्थापक दगडावरून उतरत म्हणाला.

"मग डोळे कशाला दिलेत? अर्धे मिटायला?"

बसचा ड्रायव्हर इतके दिवस कंटाळला होता. त्याने आपणहून बस सुरू केली. सगळे चढले. जलयोगींनाही चढावं लागलं, कारण एकटे मागे राहिले असते तर चालत जावं लागलं असतं.

धरणावर गेटवाली बाई हात पुसत उभी होती. एवढी गर्दी बघून ती आधी रागावली, मग धाकट्याला बघून शांत झाली. तिने फळ्यावरची सूचना दाखवली, रोजच्या नोंदींची वही उघडून पानं उलटली. मंगळवारी, म्हणजे पाणी 'अंतर्मुख' झालं त्या दिवशी, बंद: अकरा. आज बंद: बारा. पाच जणांना जवळ बोलावून तिने चाक किती जड आहे ते हात लावून बघायला सांगितलं. विमा एजंटने जोर लावला, ते हललंही नाही.

"याला रोज कोण फिरवतं?" त्याने विचारलं.

"मी."

"एकट्या?"

"अंतर्मुख होऊन," ती म्हणाली.

व्यवस्थापक बसच्या मागे उभा राहून सगळ्यांना घाईने परत बोलवत होता. "चला, चला, जेवणाची वेळ होतेय." त्याचा आवाज ऐकून गेटवाली बाई वळली आणि निरखून बघायला लागली.

"हा आवाज ओळखीचा आहे," ती म्हणाली. "बस धुणारे तुम्हीच ना हो?"

सगळ्यांनी बसकडे बघितलं. चिखलाने तिचे नंबरसुद्धा वाचता येत नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, "मी कामाला लागल्यापासून दोन वर्षांत ही एकदाही धुतलेली नाही." मग जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. दातांचे डॉक्टर तर भिंतीला टेकून हसले, आणि हसता हसता त्यांनी वही उघडून आधीची चार पानं फाडली.

जलयोगी हसले नाहीत. ते म्हणाले की सत्य अनेक पातळ्यांवर असतं आणि ते बसमध्ये जाऊन बसले.

अक्का चाकाजवळ उभी होती. तिने त्या गार लोखंडावर हात फिरवला. मग भावाकडे न बघता हात पुढे केला. "दे ती."

धाकट्याने गोळी दिली. गेटवाल्या बाईने आपली पाण्याची बाटली दिली. अक्काने गोळी गिळली आणि म्हणाली, "तुझी पाच मिनिटंसुद्धा मी कधी विचारपूस केली नव्हती रे. इतकी वर्षं काय करत होतास ते."

"तुझीही मी नाही केली," धाकटा म्हणाला. "तू दमली असशील असं वाटलंच नाही कधी."

बरणीचं कुलूप विमा एजंटने दगडाने फोडलं. धाकटा सगळ्यांना एवढंच म्हणाला, "आसनं करा. मीपण करणार आहे, माझी पाठ खरंच सुटलीय. जंगल बघा, जुनी भांडी बघा. पण कुणी काही अजब करून दाखवलं की पाया पडायच्या आधी विचारा, हे पाणी येतं कुठून? आणि उत्तर देणारा तुम्हाला तिथे न्यायला तयार नसेल, तर आपण आपले चालत जा. मलाही विचारा. मी तीन मिनिटं चुकलो होतो, ते विसरू नका."

त्याच दुपारी अक्काला जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा अडीचच्या वर असायला हवा होता, तो दीडवर आला होता. डॉक्टरांनी पोटात इंजेक्शनं दिली, एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळी म्हणाले की आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर त्यांना असं उभं राहून गप्पा मारता आल्या नसत्या. अक्काने त्यांना आकडा म्हणजे काय, रक्त साकळतं कसं, पालेभाजी का नको, हे सगळं खोदून खोदून विचारलं. नऊ वर्षांत तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर झडपेचं चित्र काढून समजावलं आणि मोजून खाल्ली तर पालेभाजीसुद्धा चालते असं सांगितलं. तेव्हा अक्का एवढी रागावली की जलयोगींवरही रागावली नव्हती.

जलयोगींचं काय झालं? काही विशेष नाही. पोलिसांत अर्ज गेला आहे, चौकशी चालू आहे. पुढच्या शिबिराच्या पत्रकात धबधबा नव्हता, त्या जागी 'पक्ष्यांशी मूक संवाद' होता. अशी माणसं एका खडकावरून उठतात आणि दुसऱ्यावर जाऊन बसतात. त्यांना हात वर करायला माणसांची दमणूक लागते, आणि ती सगळीकडे असते. म्हणून दमलेल्या माणसाला कुणीतरी वेळ काढून नीट समजावून सांगायला हवं, आणि न समजलेलं विचारायची त्याला लाज वाटता कामा नये.

डिस्चार्ज मिळेपर्यंत अक्का बाहेरच्या बाकावर बसली होती. शेजारच्या बाईने तिला हळूच विचारलं, "तुम्ही त्या शिबिरातून आलात म्हणे. ते पाणी थांबवणारे महाराज खरे आहेत का हो? आमच्या ह्यांच्या मूत्रपिंडासाठी न्यावं म्हणते."

अक्का तिच्याकडे वळून बसली. "काय होतंय त्यांना?" तिने विचारलं. "डॉक्टर काय म्हणाले? कळलं का तुम्हाला, की नुसती मान हलवून आलात?"

बाईने हातातल्या कागदांकडे बघितलं. मग म्हणाली, "मान हलवली."

"मग चला," अक्का उठली. "आधी आत जाऊन विचारू. मी येते बरोबर."